परमुलुखातील सहा वर्षे : पंडिता रमाबाई

१८८३ च्या एप्रिल महिन्यात दोन महाराष्ट्रीय स्त्रिया एकमेकींपासून स्वतंत्रपणे समुद्र ओलांडून निघाल्या. कलकत्त्याहून अमेरिकेस निघालेल्या आनंदीबाई जोशी अठरा वर्षांच्या होत्या. न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पूर्वीपासून पत्रव्यवहार होता आणि त्या गृहिणीने आपले घर त्यांना आधीच देऊ केले होते. मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या पंडिता रमाबाई पंचवीस वर्षांच्या होत्या. त्या विधवा होत्या आणि त्यांच्यासोबत दोन वर्षांची मुलगी होती. माहेर म्हणावे असे कोणी मागे उरले नव्हते आणि पुढे जे घर होते ते एका धर्मसंघाचे होते. दोघींचाही हेतू वैद्यक शिकण्याचा होता. आनंदीबाईंना परदेशात प्रथम मैत्री मिळाली आणि मग विद्या. रमाबाईंच्या वाट्याला आधी आश्रय आला. आश्रयाचे मैत्रीत आणि मैत्रीचे कार्यात रूपांतर करण्यास त्यांना जवळजवळ सहा वर्षे लागली. रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील बरेचसे वाद या सहा वर्षांच्या संदर्भातच नीट उलगडतात.

परकेपणाची ओळख रमाबाईंना विलायतेत प्रथम झाली असे मात्र नव्हे. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे कर्नाटकाच्या अरण्यप्रदेशात त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृताचे व्युत्पन्न पंडित होते. पत्नीस संस्कृत शिकविल्यामुळे त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला होता. पुढे आई लक्ष्मीबाईंनीच रमाबाईंना ती भाषा शिकविली. या कुटुंबाने तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर उदरनिर्वाह करीत भारतभर भ्रमण केले. घरातील बोलणे मराठीत असे, परंतु महाराष्ट्र हे त्यांचे गाव कधीच नव्हते. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. मग रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले.

कलकत्त्यात त्यांना कोणीही ओळखत नव्हते. परंतु त्यांच्यापाशी एक नाणे असे होते की ते त्या काळी भारताच्या कोणत्याही विद्वत्सभेत चालत असे आणि ते म्हणजे संस्कृत. एक वीस वर्षांची अविवाहित ब्राह्मण स्त्री अस्खलित संस्कृतात बोलते, हे पाहून तेथील पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. अनोळखी नगरीत आपल्या विद्येच्या बळावर प्रवेश मिळविता येतो, हा रमाबाईंचा पहिला धडा होता. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. बिपिनबिहारी ब्राह्मण नव्हते, त्यामुळे या विवाहाने जातीचा आधार सुटला. आसामातील सिलचर येथे संसार झाला, १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती पटकीने दगावले.

त्यानंतर रमाबाई पुण्यास आल्या. येथे भाषा आपली होती, मात्र समाज नवखा होता. त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री वैद्य यांची आवश्यकता मांडली. जे इतरांसाठी मागितले ते स्वतः शिकावे, असे त्यांना वाटू लागले. पुण्यात त्यांचा परिचय ‘सेंट मेरी द व्हर्जिन’ या अँग्लिकन भगिनीसंघाशी झाला. या संघाचे मूळ गृह इंग्लंडातील वाँटेज गावी होते. काशीहून आलेले ख्रिस्ती पंडित नेहेम्या गोऱ्हे यांच्याशीही याच काळात त्यांचा विचारविनिमय झाला. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून प्रवासखर्चाची सोय झाली. वाँटेजला राहण्याखाण्याची व्यवस्था होईल आणि त्याच्या मोबदल्यात भारतात येऊ घातलेल्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे, असे ठरले.

या व्यवस्थेत पुढच्या अनेक तंट्यांचे बीज होते. रमाबाईंच्या दृष्टीने तो विनिमय होता. आपण शिकवू आणि त्याबद्दल राहू, अशी ती समजूत होती. भगिनीसंघाच्या दृष्टीने मात्र ते एका निराधार विधवेचे पालकत्व होते. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते आणि दोघांनाही हा फरक प्रथम दिसला नाही. शिवाय ज्या हेतूने समुद्र ओलांडला तो हेतूच लवकर ढासळला. रमाबाईंना ऐकू कमी येत असे. या श्रवणदोषामुळे वैद्यकाचा अभ्यास त्यांना शक्य नाही, असे ठरले. नवख्या देशात पोहोचताच कामाची दिशा नाहीशी व्हावी, हा आघात लहान नव्हता.

त्याहून मोठा आघात पुढेच होता. आनंदीबाई भगत नावाची एक तरुण सहप्रवासिनी रमाबाईंबरोबर विलायतेस आली होती. परका देश, परकी भाषा आणि धर्म बदलावा लागेल की काय ही धास्ती यांनी तिच्या मनाचा तोल गेला आणि आगमनानंतर थोड्याच महिन्यांत तिने वाँटेज येथे आत्मनाश केला. या काळात रमाबाईंना काही दिवस ऑक्सफर्ड येथे मॅक्स म्यूलर यांच्या घरी विसावा मिळाला. ज्या विद्वानाने आयुष्य संस्कृतास वाहिले होते, त्याच्या घरी रमाबाई आश्रित नसून पंडिता होत्या. नवख्या माणसाला अन्नवस्त्राइतकीच आपल्या विद्येची ओळख असणाऱ्या जागेचीही गरज असते, हे या लहानशा प्रसंगावरून ध्यानात येते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. भारत सोडताना धर्म बदलणार नाही असे आश्वासन त्यांनी लोकांना दिले होते. साहजिकच पुण्यामुंबईत मोठी खळबळ उडाली. या धर्मांतराची मीमांसा दोन टोकांनी होत आली आहे. कोणी त्यात एकाकी स्त्रीची अगतिकता पाहतात, तर कोणी पुण्यात सुरू झालेल्या आध्यात्मिक शोधाची परिणती. रमाबाईंच्या पुढील वर्तनाचा विचार करता दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते, कारण अगतिकतेने धर्म स्वीकारणारी व्यक्ती लगेच त्या धर्माच्या अधिकाऱ्यांशी तत्त्वचर्चा मांडीत नाही. तथापि मागचा पूल तुटल्यानंतर पुढच्या किनाऱ्यावरील माणसांवरचे अवलंबित्व वाढते, हेही तितकेच खरे आहे.

त्याच वर्षी मुंबईत त्यांचा ‘इंग्लंडचा प्रवास’ प्रसिद्ध झाला. प्रार्थनासमाजाचे सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेल्या पत्राचे हे पुस्तक. प्रवासवर्णन म्हणून ते लहान आहे. आपण का निघालो याचा खुलासा करण्याची गरज लेखिकेस जागोजागी भासते. बोलणे मागे राहिलेल्यांशी आहे, भोवतालचा देश अद्याप पुरता दिसू लागलेला नाही. नुकत्याच परदेशी पोहोचलेल्या माणसाचे मन जसे अर्धे घाटावरच असते, तसे ते गद्य आहे.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात दाखल झाल्या. प्राचार्या डोरोथिया बील या इंग्लंडातील स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी होत्या. येथे रमाबाईंनी इंग्रजी साहित्य, गणित आणि सृष्टिविज्ञान यांचा अभ्यास केला आणि संस्कृत शिकविले. विद्यार्थिनी आणि अध्यापिका अशी ही दुहेरी भूमिका त्यांच्या प्रकृतीस मानवली. बीलबाई रमाबाईंच्या शंका ऐकून घेत, त्यांवर पत्रांतून चर्चा करीत आणि उत्तर न पटल्यास ते न पटण्याचा हक्क मान्य करीत. उलट वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या. त्यांचे प्रेम उत्कट होते, पण ते मातेचे प्रेम होते आणि त्याला आज्ञापालनाची अपेक्षा होती. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीची किंवा चर्चच्या अधिकाराविषयीची प्रत्येक शंका त्यांना अहंकाराचे लक्षण वाटे.

या मतभेदास खरी धार आली ती कामाच्या प्रश्नावरून. भारतात जाणाऱ्या लोकांना भारतीय भाषा शिकविण्याचे काम रमाबाईंना करता येण्याजोगे होते आणि या विद्यार्थ्यांत पुरुषही असणार होते. लाहोर आणि मुंबई येथील बिशपांचे मत मागविण्यात आले. त्यांनी विरोध केला. स्त्रीने पुरुषांना शिकविल्यास तिच्या देशबांधवांच्या नजरेत ती उतरेल, असा त्यांचा अभिप्राय होता. ही मोठीच विसंगती होती. कलकत्त्याच्या पंडितसभेत आणि पुण्याच्या व्याख्यानांत ज्या स्त्रीने पुरुषांपुढे उभे राहून भाषण केले होते, तिला तिच्याच देशाच्या चालीरीतींचा हवाला देऊन अडविले जात होते. रमाबाईंनी उत्तर दिले ते नम्र, पण निःसंदिग्ध होते. आपल्या हिताचा विचार इतरांनी आपल्याला न विचारता करावा, हे त्यांना मान्य नव्हते. पूर्वीचे एक बंधन तोडून आलेल्या व्यक्तीने तितक्याच जड दुसऱ्या बंधनात स्वतःला बांधून घ्यावे, यात त्यांना अर्थ दिसेना.

वाद केवळ तत्त्वांचे नव्हते. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, तरी शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेले पक्वान्नही त्या वर्ज्य मानीत, आणि हे त्यांच्या हितचिंतकांना जातीच्या अभिमानाचे अवशेष वाटे. क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असा त्यांचा आग्रह होता, कारण लॅटिन त्यांच्या देशातील कोणालाच समजणार नव्हती. मनोरमेला काही काळ वाँटेजच्या भगिनींच्या हाती ठेवावे लागले. ती कोणत्या मताची शिकवण घेत वाढावी, हा प्रश्न आई आणि आश्रयदाते यांच्यामध्ये सतत उभा राहिला. पोटच्या मुलीसाठी ज्यांच्यावर अवलंबून राहायचे, त्यांच्याशीच मतभेद करायचा, ही कसोटी कठीण होती. एवढे होऊनही दोन्ही बाजूंनी पत्रव्यवहार तोडला नाही. सिस्टर जेराल्डीन यांनी ही पत्रे जपून ठेवली, संकलित केली आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. रमाबाईंच्या बौद्धिक चरित्राचा हा सर्वांत मोलाचा ठेवा त्यांच्या प्रतिपक्षाच्या निगुतीमुळे उरला. स्नेह खरा होता, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

इकडे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांचा अभ्यासक्रम पूर्ण होत आला होता. महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी पदवीदान समारंभासाठी रमाबाईंना निमंत्रण धाडले. वाँटेजच्या भगिनींना हा प्रवास पसंत नव्हता. तरीही १८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई मनोरमेसह निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळताना त्या सभागृहात हजर होत्या. एकाच महिन्यात मायदेश सोडलेल्या या दोघी तीन वर्षांनी अशा भेटल्या. एकीने आपला धर्म कसोशीने सांभाळला होता आणि दुसरीने तो बदलला होता, तरी त्यामुळे या भेटीत अंतर पडले नाही. आनंदीबाई त्याच वर्षाअखेर परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. मैत्री आणि विद्या दोन्ही मिळविलेल्या या तरुणीला कार्य करण्यास आयुष्य उरले नाही.

रमाबाई अमेरिकेत थोड्या मुदतीसाठी गेल्या होत्या. प्रत्यक्षात त्या अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले आणि तिचा उपयोग मराठी मुलींच्या शाळेत कसा होईल याचा विचार सुरू केला. इंग्लंडमध्ये अनिश्चित असलेला कार्याचा आराखडा येथे निश्चित झाला. उच्चवर्णीय बालविधवांसाठी एक वसतिशाळा काढायची, तीत शिक्षण आणि स्वावलंबनाचे साधन द्यायचे, आणि धर्माची सक्ती करायची नाही, अशी ती योजना होती. या योजनेचा पाया म्हणून १८८७ मध्ये त्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यास बॉडलीबाईंची प्रस्तावना होती आणि ते रमाबाईंनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले होते. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. ज्या स्त्रीचे उत्पन्न इंग्लंडात इतरांच्या मर्जीवर होते, तिला आता स्वतःच्या लेखणीचे पैसे मिळू लागले. हा फरक केवळ आर्थिक नव्हता.

१३ डिसेंबर १८८७ रोजी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे अध्यक्ष झाले. मद्यपाननिषेधाच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड उपाध्यक्षांत होत्या. वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांची माणसे एकत्र आली, आणि योजिलेल्या शाळेस दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे त्यांनी मान्य केले. गावोगाव रमाबाईंच्या नावाची मंडळे निघाली आणि सभासद वर्षाकाठी लहानशी वर्गणी देऊ लागले. रमाबाई व्याख्याने देत पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत गेल्या. येथे स्नेहाचे स्वरूपच पालटले. वाँटेजमध्ये एका व्यक्तीचे दुसऱ्या व्यक्तीवर प्रेम होते आणि त्या प्रेमाला मर्यादा कोठे घालावी हे कोणासच ठाऊक नव्हते. बॉस्टनमध्ये लेखी उद्देश होता, ठरलेली मुदत होती, हिशेब होता आणि दोन्ही पक्षांची कर्तव्ये नेमलेली होती. परक्या माणसाच्या दृष्टीने करारातील स्नेह हा ममतेतील स्नेहापेक्षा कोरडा असेल, पण तो अधिक मोकळा असतो. रमाबाईंनी इंग्लंडातील अनुभवाचा जो निष्कर्ष काढला, तो असा संस्थारूपाने प्रकट झाला.

१८८८ च्या अखेरीस त्या सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्या आणि जपान, हाँगकाँगमार्गे १८८९ च्या आरंभी मुंबईस पोहोचल्या. त्याच वर्षी त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘इंग्लंडचा प्रवास’ शेजारी ठेवून ते वाचले म्हणजे मधल्या सहा वर्षांत काय घडले याची कल्पना येते. पहिल्या पुस्तकातील लेखिका स्वतःचा खुलासा करते, दुसऱ्यातील लेखिका एका राष्ट्राचे परीक्षण करते. राज्यव्यवस्था, गृहजीवन, शिक्षण, धर्मादाय संस्था, व्यापार आणि स्त्रियांची स्थिती अशा विषयवार मांडणीत ते रचले आहे. अमेरिकेचे कौतुक आहे, स्त्रियांच्या संघटनांविषयी तर विशेषच आहे. परंतु तद्देशीय आदिवासींशी आणि काळ्या लोकांशी झालेला अन्याय लेखिकेच्या नजरेतून सुटत नाही. टोप्यांवर पक्ष्यांचे पंख मिरविणाऱ्या फॅशनचाही ती समाचार घेते. पाहुणा सदैव कृतज्ञच असला पाहिजे, ही अपेक्षा या ग्रंथाने नाकारली. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यात पाश्चात्त्यांनी भारताचे वर्णन करावे आणि भारतीयांनी ते तपासावे, हा क्रम रूढ होता. येथे तो उलटा झाला. २००३ मध्ये या ग्रंथाची मीरा कोसंबी यांनी आणि क्षितिजा गोम्स यांनी केलेली इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे मराठीबाहेरच्या अभ्यासकांना त्याची नीट ओळख झाली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तारीख योगायोगाची असो वा नसो, आनंदीबाईंच्या पदवीदानास त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्यांचा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. सदन १८९० मध्ये पुण्यास हलविण्यात आले. आता रमाबाई स्वदेशी होत्या, आणि येथेच परकेपणाचा सर्वांत कडवा अनुभव त्यांना आला. करारान्वये शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती, पण रमाबाईंची स्वतःची प्रार्थना उघड्या दाराने चाले आणि काही मुली तीत बसत. १८९३ मध्ये वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बॉस्टनच्या मंडळींनी मात्र आपला शब्द पाळला. रमाबाईंची बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे नाही, कारण ज्या मुलींना दुसरा आसरा नव्हता त्यांच्यापुढे उघडे दार आणि आमंत्रण यांतील सीमारेषा पुसट असते. हे रमाबाईंना वाँटेजमध्ये स्वानुभवाने कळले होते. आश्रित म्हणून जो प्रश्न त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना विचारला होता, तोच आता आश्रयदाती म्हणून त्यांना विचारला जात होता. त्यांच्या चरित्रातील हा पेच सुटलेला नाही आणि तो लपविण्याचेही कारण नाही.

दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि साहाय्यासाठी नवी संस्था उभी राहिली. तोवर दुष्काळाच्या तडाख्यातून वाचविलेल्या शेकडो स्त्रिया आणि मुली पुण्याजवळ केडगाव येथे जमल्या होत्या आणि मुक्तिसदनाच्या रूपाने एक स्वतंत्र वसाहत आकारास येत होती. विणकाम, छपाई, शेती अशी कामे तेथील स्त्रिया शिकत. ज्या स्त्रियांना त्यांच्याच गावाने परके केले होते, त्यांना निवारा, सोबत आणि काम ही तिन्ही एका ठिकाणी मिळावीत, ही केडगावची रचना होती. आयुष्याच्या अखेरच्या काळात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. साध्या स्त्रीसही समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. १९२१ मध्ये मनोरमा वारली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

कानडी मुलुखात जन्म, बंगालात पदवी, आसामात संसार, इंग्लंडात धर्म आणि अमेरिकेत कार्याचे साधन असे हे आयुष्य होते. कोठल्याच एका समाजाने त्यांना पूर्णतः आपले म्हटले नाही. परंतु प्रत्येक ठिकाणी त्यांनी आपली विद्या देऊन जागा मिळविली, आणि दयेच्या मोबदल्यात विवेक गहाण टाकण्याचे नाकारले. केडगावच्या छापखान्यात त्या भाषांतराचे मुद्रण त्यांच्या मृत्यूनंतर पुरे झाले. त्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकजणी एके काळी निराधार म्हणून तेथे आल्या होत्या.